आतून रंगवलेल्या मोटारी

आमच्या घरात खोटं बोलण्याचं खातं पुरुषांकडे होतं आणि गप्प बसण्याचं बायकांकडे. ही वाटणी कुणी केली नव्हती, पण पाळली मात्र कडक जायची. नाना म्हणजे माझे वडील. शिरड शहापूरला चार एकर शेती आणि आसपासच्या दहा गावांत पेंटर म्हणून नाव. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, पोळ्याला बैलांची शिंगं आणि निवडणूक आली की झाडून सगळ्या पक्षांच्या भिंती. एकदा तर त्यांनी एकाच भिंतीवर एका महिन्यात तीन उमेदवार प्रचंड बहुमतानं निवडून आणले होते. तिघांनाही त्यांचं एकच सांगणं, "मत तर तुमालाच हाय, मालक." माझा मोठा भाऊ बाळू नानांच्या हाताखाली या विद्येतही तयार होत होता, पण मूळचा आळशी, त्यामुळे खोटं बोलायचंही त्याच्या जिवावर यायचं. माझी पंचाईत वेगळीच होती. मला खोटं बोलताच यायचं नाही. गुळाची ढेप कुणी फोडली असं मायनं नुसतं चुलीकडे बघत पुटपुटलं तरी मी सांगून टाकायचे, "मी." माय कपाळावर हात मारायची. "ह्या पोरीला कोर्टात साक्षीला बसवा," म्हणायची, "सासरी काही ही दोन दिस टिकत न्हाई."

अशा आमच्या घरात जत्रांत खेळ लावणारे जब्बारचाचा आले ते स्वतःच्या मर्जीनं नव्हे, ट्रकच्या मर्जीनं. हिंगोलीच्या दसऱ्याचं प्रदर्शन उठलं होतं आणि आकाशपाळणेवाले, मौतका कुआँवाले आपापलं बिऱ्हाड घेऊन पांगले होते. चाचांचा ट्रक आमच्या शेताजवळ आला आणि बसला. नाना मदतीला धावले, म्हणजे ट्रकला टेकून उभे राहिले आणि सूचना देत राहिले. तास-दीड तासाच्या बोलण्यातून असं ठरलं की ट्रक दुरुस्तीला जाईल आणि चाचांचं सामान आमच्या हळद उकडायच्या शेडमध्ये राहील. हळद निघायला अवकाश होता. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत, म्हणजे चांगले चार महिने, शेड रिकामीच होती. बदल्यात चाचांनी नानांच्या पेंटरकीला काम द्यायचं होतं. नानांनी लगेच पहिलं काम काढलं. चाचांच्या जुन्या पाटीवर 'विजेच्या मोटारींची शर्यत' असं होतं, त्यात त्यांनी स्वतःहून 'जपानी' हा शब्द घातला. मोटारी हैदराबादेत, चाचांच्या मेव्हण्याच्या दुकानात जुळवलेल्या होत्या. चाचा म्हणाले, "नाना, जपान तो मैं नक्शे में बी नै देखा." नाना म्हणाले, "ज्यानं पाहिलं न्हाई त्याच्यासाठीच लिहिलंय."

तो खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते. प्लायवूडच्या मोठमोठ्या पाट्या जोडून इंग्रजी आठाच्या आकाराचा एक रस्ता केलेला. रस्त्याला चार बारीक खाचा आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. वीतभर मोटार त्या खाचेत तिची जीभ घालून उभी राहते, पट्टीतून वीज घेते आणि आपण हातातला खटका दाबला की सूं करून सुटते. खटका जास्त दाबला तर वळणावर उधळून चार हात लांब जाऊन पडते. शर्यतीत खरी मजा त्या पडण्याचीच होती. परवा बाळूभाऊच्या नातवाला हे सगळं सांगितलं, तर त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "मग रिवाइंड कसं करायचे?" मी म्हटलं, "उचलून आणायची बाबा, हातानं." त्याला माझी दया आली.

माय सुरुवातीला चाचांशी जरा अंतर राखूनच होती. येसराचा मसाला घातलेलं वरण, भाकरी, शेंगाची चटणी असं सगळं शेडमध्ये पोचतं करायची, पण चहाला चाचांचा स्टीलचा गिलास वेगळा. तो शेडच्या खुंटीला लटकवलेला असायचा. तिला वाटायचं, चाचांच्या हे लक्षात आलेलं नाही. एकदा चाचांनी स्वतः चहा केला आणि मला एका कानफुटक्या कपात दिला. मी म्हटलं, चाचा, तुमच्या दुसऱ्या कपाला तर कान आहे. चाचा हसून म्हणाले, "वो मेरा है बेटी. तुम लोगां का मैं बी अलग रखा." मी घरी येऊन मायला जसंच्या तसं सांगितलं, कारण मला दुसरं काही सांगता यायचं नाही. माय संध्याकाळभर भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापत होती. दुसऱ्या दिवसापासून गिलास खुंटीवरून नाहीसा झाला आणि चाचा आमच्या कपातून चहा प्यायला लागले. त्यावर कोणीच काही बोललं नाही. गप्प बसण्याचं खातं बायकांकडे होतं, हे मी सांगितलंच.

मोटारींचं खालचं लोखंडी अंग मजबूत होतं. फुटायची ती वरची टोपी, पारदर्शक प्लास्टिकची, पापडासारखी हलकी. दसऱ्यात पोरांनी सगळ्या टोप्यांचा चुरा केला होता. चाचांकडे सागवानाचे कोरलेले मोटारींचे साचे होते. ते प्लास्टिकचा तुकडा लोखंडी चौकटीत अडकवायचे, रॉकेलच्या स्टोव्हवर मऊ करायचे आणि लोंबायला लागला की झटक्यात साच्यावर ओढून ओल्या फडक्यानं दाबायचे. मोटार तयार, पण काचेची. तिला रंग द्यायचा राहिला. नाना म्हणाले, "ट्रक रंगवले, ट्रॅक्टर रंगवले, ह्याला काय घाबरायचं?" आणि त्यांनी पाच टोप्या घरी आणून ऑइल पेंटचे तीन-तीन हात बाहेरून दिले. वर एकीवर कमळ, एकीवर मोर, एकीवर 'आईचा आशीर्वाद'. मोटारी दिसत होत्या झकास. रस्त्यावर ठेवल्यावर त्या जागच्या हलेनात. खटका पुरता दाबल्यावर हळदीच्या गाडीला जुंपलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं निघाल्या आणि पहिल्या टक्करीत 'आईचा आशीर्वाद' पोपडा होऊन खाली पडला. चाचा पोपडा उचलून बराच वेळ बघत राहिले. नानांनी जाहीर केलं की दोष मोटारींचा आहे. "मी भिंतीचा माणूस हाय," ते म्हणाले. "असल्या बारक्या कामाला बाळू बघंल."

बाळूभाऊनं बघायला सुरुवात केली, म्हणजे खरोखर नुसतं बघायलाच. तो शेडमध्ये बाजेवर बसायचा, बिडी पेटवायचा आणि चाचांचे हात बघत राहायचा. मला धाडलं होतं टोप्या धुवायला, कारण धुणं हे बायकांचं काम. आणि धुण्यातच पहिली गोम होती. आमच्या घरात सगळ्यांच्या हातांना एक तर हळद नाहीतर तेल. त्या हाताचा ठसा प्लास्टिकवर उमटला की तिथला रंग आक्रसून बाजूला व्हायचा आणि भोकं पडायची. रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, फक्त कडेला धरायची, फुंकर मारायची नाही. मग बाहेरच्या अंगाला खळ लावून वर्तमानपत्राचे कपटे चिकटवायचे, म्हणजे बाहेर रंगाचा शिंतोडा उडायला नको. हे चिकटवताना माझी बोटं बघून चाचांनी एक दिवस नानांचा सगळ्यात बारीक ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाहर से रंगे तो टक्कर रंग खाता. अंदर से रंगो, फिर टक्कर प्लास्टिक खाता. और अंदर से रंगना है तो दिमाग उल्टा करना पडता, बेटी."

खरंच उलटं करावं लागायचं. भिंतीला आधी पांढरं अस्तर, मग रंग आणि शेवटी नक्षी. इथे पहिलं शेवटचं आणि शेवटचं पहिलं. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी काढायचं. दिव्यांचे ठिपके, काचांच्या काळ्या कडा, दारांच्या रेघा आणि आकडे, तेही उलटे. ते वाळलं की पट्टे. मग मोटारीचा मुख्य रंग, पातळ, स्पंजानं टिपत, एकावर एक तीन हात. आणि अगदी शेवटी मागून पांढरा, म्हणजे उजेड आरपार जाऊन रंग फिका पडायला नको. काम चालू असताना आपल्यासमोर सगळी मागची बाजू असते, लडबडलेली, केविलवाणी. सगळं वाळल्यावर टोपी पाण्यात बुडवायची, कागद फुगून सुटायचे आणि मग ती बाहेर यायची. पहिल्यांदा माझी पिवळी मोटार पाण्यातून निघाली, तिच्या अंगावर आमच्या शेडचं दार, दारातली माय आणि मायच्या हातातलं सूप असं सगळं चकाकत होतं. मी रडले. मायला सगळी पद्धत सांगितली, तर ती म्हणाली, "आधी कळस, मग पाया. असली उफराटी विद्या आमच्या बापजाद्यांनी न्हाई पाहिली बाई." पण सूप खाली ठेवून तिनं ती मोटार दोन्ही हातांत धरली, कडेनं, अगदी नियमानुसार.

हिवाळाभर मी रंगवत होते. बाहेर शेतात हुरडा भाजला जायचा, आगटीचा वास शेडमध्ये यायचा, कोणीतरी राखेतली कणसं आणून द्यायचं आणि चाचा मला पुन्हा हात धुवायला लावायचे. शाळेतून आले की दप्तर टाकून मी ब्रश उचलायचे. बाळूभाऊ समोर बाजेवर. कामाला म्हणाल तर तो ब्रश धुवायचा, तेवढंच. मी न बघता हात पुढे केला की हातात ब्रश यायचा आणि हवा होता तोच यायचा. मला वाटायचं योगायोग. ह्या बिडी ओढणाऱ्या धोंड्याच्या डोक्यात काही चालू असेल अशी शंका मला चार महिन्यांत एकदाही आली नाही. गावात मात्र नानांनी वेगळीच दवंडी पिटली होती. कोणी मोटारी बघायला आलं की ते दारातूनच सांगायचे, "बाळू रंगवून राहिला. शोभी धुती." शोभी म्हणजे मी. लोक बाळूच्या पाठीवर थाप मारायचे. माझ्या हातात ब्रश असायचा, बोटं रंगानं माखलेली असायची, तरी लोक थाप बाळूच्याच पाठीवर मारायचे. माणसाला दिसतं ते डोळ्यानं नव्हे, सांगितलेल्या गोष्टीनं, हे शिक्षण मला त्या शेडमध्ये फुकट मिळालं. मी चाचांकडे बघायचे. चाचा खांदे उडवायचे. "मेरा काम मोटर चलाना, बेटी. घर चलाना नै."

यात फसले ते नानाच, म्हणजे स्वतःच्या थापेत. आमच्या भागात एक आबासाहेब होते. संस्थापक अध्यक्ष. कशाचे असं कोणी विचारत नसे, कारण यादी लांबायची. चार शाळा, एक वसतिगृह आणि नांदेडला चित्रकला शिक्षकाचा कोर्स. त्यांच्या शाळांवरचे सगळे सुविचार नानांच्या हातचे. नानांनी त्यांच्याकडे शब्द टाकला, की पोरगं फार गुणी हाय, मोटारी रंगवतंय, नांदेडला घ्या. आबासाहेब म्हणाले, "जत्रेत येतो. माझ्यापुढं माझ्या जीपसारखी मोटार रंगवून दाखव म्हणावं. हात असंल तर जूनमधी घेतो." झालं. नानांनी घरी येऊन निर्णय सांगितला. बाळू नांदेडला जाईल. दोघांचं परगावी शिकणं घराला झेपणार नाही. शोभीसाठी कळमनुरीकडचं एक स्थळ आलेलं आहे, मुलगा एसटीत आहे, यंदाच अक्षय्य तृतीयेला उरकून टाकू. मी म्हटलं, "नाना, मोटारी तर मी रंगवते." नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते मला ठाऊक हाय." एवढंच. त्यांना ठाऊक नसतं तर मी समजू शकले असते. ठाऊक असून ते शांतपणे भाकरी कुस्करत होते, याचा राग माझ्या पोटात असा बसला की मला आठ दिवस जेवण गेलं नाही. मायनं एकदा तोंड उघडलं. "पोरीचा हात चांगला हाय हो." नाना म्हणाले, "मग सासरी रांगोळ्या काढंल." माय उठून चुलीकडे गेली.

बाळूभाऊलाही नांदेडला जायचं नव्हतं, हे तेव्हा घरातल्या मांजरालासुद्धा दिसत होतं. त्याचा जीव वसमतच्या स्टँडवरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत होता. तासन्‌तास तो तिथे कुणाच्या तरी बोनेटला टेकून उभा असायचा. पण नानांपुढे नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. जत्रेला निघायच्या सकाळी मी शेडमध्ये ब्रश फडक्यात बांधत होते. तो आला. नेहमीसारखा बाजेवर न बसता उभाच राहिला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "शोभे, पहिलं काय मारायचं गं?"

माझे हात थांबले. चार महिने समोर बसून ह्याला एवढंही कळलं नाही, ह्याला नांदेड आणि मला कळमनुरी! मी गाठ मारत म्हणाले, "भिंतीवर मारतूस तसंच. आधी पांढरं अस्तर. मग वरून नक्षी."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "बराबर?"

"बराबर," मी म्हणाले.

आयुष्यातलं पहिलं खोटं. घसा कोरडा पडेल, कान लाल होतील असं वाटलं होतं. काहीच झालं नाही. मी फडकं उचललं आणि चाचांच्या दुरुस्त होऊन आलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसले.

आबासाहेब आले ते उपवासाच्या दुसऱ्या दिवशी, पारणं झाल्यावर, भर दुपारी. तंबूत त्यांना खुर्ची मांडली, उसाचा रस आला, मागे पाच-सहा माणसं उभी राहिली. बघ्यांची गर्दी झाली. बाहेर त्यांची जीप उभीच होती. पांढरी, दोन्ही अंगांना लाल पट्टा आणि पुढे लाल पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अध्यक्ष'. नानांनी भाषण केलं. मग बाळूभाऊनं कागद लावलेली टोपी डाव्या हातात धरली, कडेनं, आणि आतून सरळ पांढरा रंग फासायला लागला. मी मायबरोबर तंबूच्या कनातीला लागून उभी होते. चाचा रस्त्याच्या पलीकडून पोरांच्या मोटारी उचलून देत होते. त्यांनी मान वर केली, पांढरा रंग बघितला, मग गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. चाचा पुन्हा मोटारी उचलून द्यायला लागले.

पांढऱ्यावर बाळूभाऊनं फार मन लावून लाल पट्टे ओढले, दिवे काढले, 'अध्यक्ष' लिहिलं. नाना एकेका रेघेला आबासाहेबांना म्हणत होते, "बघा मालक, हात कसा चालून राहिला." वाळायला वेळ लागला, तेवढ्यात रसाचा दुसरा गिलास झाला. मग टोपी पाण्यात बुडवली. कागद सुटले. टोपी बाहेर आली ती सगळीच्या सगळी पांढरी. ना पट्टा, ना दिवा, ना अध्यक्ष. पालथ्या घातलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी. पहिले सावरले ते नाना. "मालक," ते म्हणाले, "तुमची जीप पांढरीच तर हाय." मग म्हणाले, उजेड कमी आहे. मग म्हणाले, रंग नासका निघाला. शेवटी प्लास्टिकवर आले. तेवढ्यात गर्दीतला एक जण पुढे वाकून टोपीच्या आत बघत ओरडला, "अरे, अध्यक्ष हायेत की! पण मोटार उलटी झाल्याबिगर दिसत न्हाईत!" लोक असे हसले, असे हसले, की आकाशपाळण्यावरची माणसं खाली बघायला लागली. आबासाहेबांच्या मागचे पाच-सहा जणही तोंडाला उपरणं लावून खोकत होते. बाळूभाऊ मान खाली घालून उभा होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, नाही असं नाही, पण त्याचे लाल झालेले कान दिसले आणि तो तिथंच ओसरला.

आबासाहेब उठायला लागले तेव्हा चाचा रस्त्याला वळसा घालून पुढे आले. एक नवी काचेची टोपी, कागद लावलेली, त्यांनी स्टुलावर ठेवली. "साब, पाच मिनट और बैठो," म्हणाले आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बेटी, हात धो के आ." नाना म्हणाले, "जब्बारभाई, ती धुती फकस्त." मी नानांकडे बघितलं नाही. मायनं माझ्या पाठीला हात लावला आणि ढकललं. ढकललं म्हणजे चांगलं ढकललं, मी दोन पावलं पुढेच आले. मग मी हात धुतले आणि बसले. पाच मिनिटांचं काम नव्हतं, तासभर लागला. पण कोणी हललं नाही. मी आधी उलटं 'अध्यक्ष' लिहिलं, मग लाल पाटी, दिवे, पट्टे आणि शेवटी पांढरा. न बघता मागे हात केला की ब्रश हातात येत होता. कोण देतंय ते बघायला मला वेळ नव्हता. टोपी पाण्यातून निघाली तेव्हा तिच्यात तंबूचं कापड, गर्दी आणि आबासाहेबांचं तोंड असं सगळं चकाकलं. आबासाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता कलेबद्दल काहीतरी बोलतील. ते मागच्या माणसाला म्हणाले, "आपल्याकडं नांदेडला मुली किती हायेत रे? दोन? तपासणीला कमीच पडतात. हिचं नाव घे."

माझ्या कलाजीवनाची सुरुवात ही अशी, तपासणीला कमी पडणारी मुलगी म्हणून झाली. कळमनुरीच्या स्थळाला नानांनी कळवलं की पोरगी अजून लहान आहे. महिनाभरापूर्वी थोराड झालेली मी एकाएकी लहान झाले. औंढ्याहून परतून गावात पाऊल ठेवलं आणि नानांनी पारावरच्यांना सांगितलं, "आमच्या बाळूनंच शिकवलं तिला." हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. माझी नोकरी लागली, मी पंचवीसेक वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, नानांच्या तेराव्याला आलेल्या एका म्हाताऱ्यानंही मला विचारलं, "तूच ना ती, बाळूनं शिकवलेली?" चाचा त्या जत्रेनंतर पुढच्या गावाला गेले आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. त्यांचा कानफुटका कप मायनं वर्षानुवर्षं फडताळात ठेवला होता. बाळूभाऊनं लवकरच वसमत-औंढा मार्गावर जीप धरली, पुढे स्वतःची घेतली. त्या जत्रेनंतर पाच-सहा वर्षं लोक त्याला 'अध्यक्ष' म्हणून हाक मारायचे. तो नुसता हसायचा.

हे प्रकरण लिहायला घेतलं आणि त्या 'बराबर'पाशी येऊन अडकले. एवढी वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. मग गेल्या महिन्यात शिरडला गेले. बाळूभाऊ अंगणात बसून भाजलेल्या शेंगा फोडत होता. जीप चालवून चालवून त्याचा एक खांदा खाली आला आहे. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी तुला मुद्दाम खोटं सांगितलं. चार गावांपुढं तुझी फजिती मी केली."

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, "चार महिने तुझ्यापुढं बसून होतो मी. ब्रश कोण देत होतं तुला? आंधळा समजलीस काय?"

मी विचारलं, "मग तू आधी पांढरा काहून मारलास?"

"तूच सांगितलंस ना," तो म्हणाला. "आन्‌ मला कुठं जायचं होतं नांदेडला? मला जीप पाहिजे होती. तुझ्या भल्याचं-बिल्याचं काही न्हाई त्यात, उगं लिहू नको तसलं." त्यानं दोन शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "'अध्यक्ष'सुदीक सरळ लिहिलं होतं मी, पाहिलंस का? करायचं तर पुरं करावं माणसानं."

"पण सगळं ठाऊक होतं तर मग मला विचारलंस कशाला?"

त्यानं टरफलं झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जल्मात कधी खोटं बोलली न्हाईस, शोभे. त्या दिशी माझ्या तोंडावर बराबर म्हणलीस. तवा कळलं मला, तुला किती जायचंय ते."

आत त्याचा नातू कोणाला तरी हाका मारत होता. मी हातावरचे दाणे खाल्ले आणि पुढच्या शेंगा फोडायला घेतल्या.